बोट ओळीवर

विट्याहून वर, घाटमाथ्यावर आमची शाळा.
दोन खोल्या, एकतीस मुलं,
आणि हजेरीत वडिलांच्या नावापुढं
मीच पेन्सिलीनं लिहून ठेवलेली गावं:
सेलम, गुवाहाटी, राजमुंद्री, त्रिशूर.
सोनं गाळायला गेलेले बाप.
यात्रेला तेवढे येतात,
तेजाबानं पिवळे पडलेले अंगठे
नव्या पँटच्या खिशात घालून.

यंदा त्यांनी शाळेला बारा टॅब दिले.
पाणी उडायला नको म्हणून
सरपंचांनी नारळ फोडला तो
पार हापशापाशी जाऊन.
बारांतले नऊ चालतात.
दोन चार्जरवाचून पडून,
एक कुठंतरी आहे म्हणतात.

टॅबमधली बाई फार गोड बोलते.
चुकलं की म्हणते, पुन्हा प्रयत्न करा.
शंभरदा म्हणते. दमत नाही.
मी तिसऱ्यांदाच दमते, खोटं कशाला बोलू.

पुस्तकं मागच्या वर्गानं परत केलेली.
आधीच कुणीतरी शिसपेन्सिलीनं उत्तरं भरलीत,
निम्मी चूक.
पुस्तक त्यावर अवाक्षर काढत नाही.
मग मुलंच भांडतात,
सहावीतल्या आदेशला मधल्या सुट्टीत गाठतात:
"ह्ये कशावरनं लिवलंस?"
तो पेरू खात म्हणतो,
"आता आठवत न्हाई. तवा बरोबर हुतं."

केंद्रप्रमुख आले, त्यांनी विचारलं,
मॅडम, दोन्हींचं प्रमाण किती ठेवता?
जणू आमटीतलं मीठ.
मी म्हटलं, रेंज येईल तसं.
ते हसले नाहीत. रकान्यात आकडा हवा होता.
स्वरांजली मागच्या बाकावरून म्हणाली,
"बाई, पप्पांकडं काळा दगड हाय,
त्येच्यावर घासलं की कळतं कशात किती.
टॅब घासून बघायचा?"

शुक्रवारी रेंज होती.
त्रिशूर लागलं.
पडद्यावर अंकुश, मागं भट्टी, मुशी मांडलेल्या,
खांद्यावर टॉवेल.
स्वरांजलीनं पुस्तक उघडून टॅबसमोर धरलं,
नवा धडा दाखवायला,
आणि एकदम रडवेली झाली:
"बाई, अक्षरं उलटी झाली!
पप्पांस्नी वाचता येणार न्हाई."

तिच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत
खरंच सगळं उलटं होतं,
काने वेलांट्यांच्या जागी, सगळी बाराखडी डावखुरी.
मला माहीत होतं का, तिकडं सुलटं दिसतं म्हणून?
नव्हतं माहीत. मीही घाबरले.

तेवढ्यात तिकडून आवाज आला.
सहावीतून शाळा सुटलेला,
चौदाव्या वर्षी मामाबरोबर गाडीत बसलेला आवाज.
"मा-ळा-व-र... ए-क..."
मग थांबून, आमच्याकडं न बघता,
"इथं सगळ्या पाट्या गोल गोल अक्षरांच्या, बाई.
ही आपली उभी. वरनं रेघ मारलेली.
लई दिसांनी."
आणि पुढं वाचू लागला.
टॅबची बाई गप्प.
नवव्या टॅबवर खेळणारी पोरंही
हळूच सरकून जवळ आली.
एका जोडाक्षराशी तो अडला,
कुणी हसलं नाही,
आदेश खिडकीतून पुटपुटला तेवढा.

"...आणि माळावर म्हातारीनं घातली पाण..."

चित्र थिजलं.
अंकुशचं तोंड उघडं,
टॉवेल अर्धा घसरलेला,
बॅटरी अकरा टक्के.
कुणीतरी टॅब हलवला, कुणी वर धरला,
छपराच्या पत्र्याजवळ रेंज असते म्हणतात.

स्वरांजलीनं पुस्तक स्वतःकडं फिरवलं.
"पोई," ती म्हणाली.
पाणपोई.
वर्गाला नाही, त्याला.

मग पुन्हा पुस्तक उलटं करून
तिनं पडद्यासमोर धरलं,
हात भरून आले तरी खाली घेईना.
घंटा झाली. पोरं गेली.
तो आला परत तर सापडावं म्हणून
एक बोट
मागून अंदाजानं वळवून
त्याच ओळीवर.